उपासनेत सेवा कोण कुणाची करतं? (जुन्या वळणाच्या लुथरन मंडळीतला रविवार)

नगरची_लेक

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी ओघात 'आमचं लुथरन चर्च' असं लिहून गेले आणि चार व्यनि (खासगी निरोप) आले. लुथरन म्हणजे कॅथलिक का? की प्रोटेस्टंट? आणि 'जुन्या वळणाचे' लुथरन म्हणजे काय? थोडक्यात उत्तर: लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या परंपरेतले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा बाकीचं इथेच सविस्तर लिहिते. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण या मंडळीची सभासद व्हायला मला दीड वर्ष लागलं आणि त्या काळात बरंच काही विचारून, भांडून, समजून घेतलं आहे.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. पेटी-तबल्यावर भजनं, पाळकसाहेबांचं लांबलचक प्रवचन आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा भाकरी-द्राक्षरसाचा विधी). लग्नानंतर अमेरिकेत सेंट लुईसला आले. घरापासून चालत जाण्याजोगं एकच चर्च होतं, ते मिसूरी सिनॉडचं (सिनॉड म्हणजे मंडळ्यांचा संघ) लुथरन चर्च निघालं.

पहिल्याच रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली तशी मी सगळ्यांबरोबर उठले. एक वयस्कर गृहस्थ जवळ आले, हळू आवाजात कुठल्या मंडळीची म्हणून विचारलं, आणि म्हणाले की आज तुम्ही फक्त आशीर्वाद घ्यावा, प्रभुभोजन घेऊ नये. मी जागेवर परत आले. माझा बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आणि मला प्रभूच्या मेजावरून परत पाठवलं! गाडीत बसून खूप रडले. पुढचे सात-आठ महिने तिकडे फिरकले नाही.

परत गेले ती शेजारच्या आजींमुळे. 'का अडवलं हे पाळकांना एकदा विचार तरी,' म्हणून त्या मागे लागल्या. विचारलं. पाळकांनी दिलगिरी व्यक्त केली ती अडवण्याच्या पद्धतीबद्दल, अडवल्याबद्दल नाही. आणि मग एक छोटं पुस्तक हातात ठेवलं: लुथरची १५२९ सालची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाचे मूळ मुद्दे प्रश्न-उत्तरांतून शिकवणारं पुस्तक. तिथून सगळं सुरू झालं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या लोकांचा हट्ट कळत नाही. १८३८ च्या अखेरीस जर्मनीतल्या सॅक्सनीमधून काही शे लोक पाच जहाजांतून अमेरिकेला निघाले. तिथल्या सरकारी चर्चमध्ये तेव्हा बुद्धिवादाचा जोर होता. पाप, क्षमा, पुनरुत्थान हे सगळं मागे पडून नुसता सदाचाराचा उपदेश उरत चालला होता. हे लोक आपला जुना विश्वास वाचवायला निघाले. पाचांपैकी 'अमालिया' हे जहाज पोचलंच नाही. बाकीच्यांतले बहुतेक सेंट लुईसच्या दक्षिणेला पेरी काउंटीत जंगल तोडून राहिले. आणि काही महिन्यांतच, १८३९ मध्ये, ज्याच्या शब्दाखातर घरदार सोडलं त्या नेत्यावर, मार्टिन स्टेफनवर, गंभीर आरोप झाले. त्याला पदावरून काढून मिसिसिपी नदीपलीकडे सोडून आले.

त्या माणसांची अवस्था डोळ्यांसमोर आणून पाहा. देश सुटला, पैसा संपत आला, हिवतापानं माणसं जाताहेत, आणि पुढारी असा निघाला. अनेकांना वाटू लागलं की आपण चर्च तरी आहोत का? आपले बाप्तिस्मे, आपलं प्रभुभोजन खरं आहे का? १८४१ मध्ये अल्टेनबर्ग गावात यावर जाहीर वाद झाला. सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर हा एकोणतीस वर्षांचा पाळक उभा राहिला आणि त्यानं दाखवून दिलं की चर्च एखाद्या बिशपामुळे होत नाही. जिथे सुवार्ता शुद्ध सांगितली जाते आणि संस्कार ख्रिस्तानं सांगितले तसे दिले जातात, तिथे चर्च असतं. हे त्याचं स्वतःचं मत नव्हतं. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातलं, म्हणजे लुथरनांच्या मूळ विश्वासपत्रकातलं, ते वाक्य आहे. १८४७ मध्ये शिकागोत सिनॉड स्थापन झाली तेव्हा वाल्थरच पहिला अध्यक्ष झाला. या लोकांनी बांधलेली लाकडी ओंडक्यांची शाळा अल्टेनबर्गला अजून उभी आहे. आम्ही पाहून आलो. एका खोलीचं घर, आणि त्यातून पुढे पाळक घडवणारी कॉन्कॉर्डिया सेमिनरी झाली.

आता विश्वास. पाया तीन 'केवळ'वर आहे: केवळ कृपेनं, केवळ विश्वासानं, केवळ शास्त्रावरून. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आणि त्यात चूक नाही, हे इथे रोखठोक मानतात. त्याखालोखाल १५८० चा 'कॉन्कॉर्ड ग्रंथ', लुथरन कबुलीजबाबांचा संग्रह. पाळक होताना त्याच्याशी बांधिलकीची शपथ घ्यावी लागते. तीही 'हा ग्रंथ शास्त्राशी जिथवर जुळतो तिथवर मानीन' अशी नाही, तर 'शास्त्राशी जुळतो म्हणून मानतो' अशी. सगळ्या जुन्या वळणाचं मूळ या 'म्हणून'मध्ये आहे.

पण मला ज्यानं धरून ठेवलं ते वेगळंच. नगरला आम्ही म्हणायचो, 'उपासनेला चाललो,' म्हणजे देवाला काही द्यायला चाललो: स्तुती, गीत, दानपेटीत पैसे. इथे शिकले की दिशा उलटी आहे. रविवारी देव आपली सेवा करतो. जर्मन लोक उपासनेला 'गॉट्टेसडीन्स्ट' म्हणतात, देवाची सेवा. आणि लुथरन माणूस त्याचा अर्थ आधी 'देवानं केलेली सेवा' असा घेतो. आपण रिकाम्या हातानं येतो. तो वचन देतो, क्षमा देतो, शरीर आणि रक्त देतो. आपली स्तुती म्हणजे मिळालेल्याला दिलेला प्रतिसाद.

हे फक्त शिकवण्यापुरतं नाही, डोळ्यांना दिसतं. पाळक कुणीकडे तोंड करून उभा आहे ते बघायचं. आमच्या वतीनं देवाशी बोलायचं असेल तर वेदीकडे वळतो, पाठ आमच्याकडे. देवाच्या वतीनं आमच्याशी बोलायचं असेल तर आमच्याकडे वळतो. त्या तासाभरात किती वेळा वळतो ते मी एकदा मोजायला लागले आणि मग भानच राहिलं नाही.

सुरुवात पापांगीकारानं. 'मी दीन, दुर्बळ पापी' असं सगळे एका सुरात म्हणतात. मग पाळक वळतो आणि म्हणतो की ख्रिस्ताच्या जागी उभा राहून आणि त्याच्या आज्ञेनं मी तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो. 'देव क्षमा करो' नाही, 'मी करतो'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते. माणसानं असं कसं म्हणावं? पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढून दाखवला. निरोप्यानं निरोप स्वतःच्या शब्दांत बदलायचा नसतो, एवढंच म्हणाले.

मग 'प्रभू, दया कर', देवदूतांचं गौरवगान, जुन्या करारातला आणि पत्रांतला पाठ, उभं राहून शुभवर्तमान, निकेयन मतांगीकार (विश्वासाची ठरलेली जाहीर कबुली), वीसेक मिनिटांचं प्रवचन. प्रभुभोजनानंतर लूकच्या शुभवर्तमानातलं शिमोनाचं गीत, आणि शेवटी बायबलच्या 'गणना' पुस्तकातला आशीर्वाद, जो मला मराठीतच ऐकू येतो: 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो…' यातलं जवळजवळ सगळं गाऊन म्हणतात. बाकाच्या मागे खणात २००६ चं उपासनेचं पुस्तक असतं, त्यात प्रभुभोजनाच्या उपासनेच्या पाच मांडण्या आहेत. तिसरी मांडणी १९४१ च्या जुन्या पुस्तकातली. ती लागली की म्हाताऱ्या मंडळींची पुस्तकं मिटलेलीच असतात. शेजारच्या आजींना आता नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण शिमोनाचं गीत सुरू झालं की एकही शब्द चुकत नाही. हे मी रविवारमागून रविवार शेजारी उभी राहून ऐकते आहे.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

मुळाकाठ

ताई, फार मनापासून लिहिलं आहे. मी वारकरी घरातला. 'देवच भक्ताची सेवा करतो' हे वाचून पैठणला नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरणारा श्रीखंड्या आठवला. पण एक शंका. सगळं कृपेनंच मिळत असेल आणि आपल्या करणीला काहीच मोल नसेल, तर माणूस चांगलं का वागेल?

नगरची_लेक

मुळाकाठ दादा, श्रीखंड्याची आठवण वाचून अंगावर काटा आला. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगायला हवी होती.

एक फरक मात्र सांगते, कारण तोच इथला गाभा आहे. श्रीखंड्या आला तो नाथांच्या भक्तीला भुलून. लुथरन म्हणतात की भक्ती नव्हती, उलट वैर होतं, तेव्हाच देव आला. प्रश्नोत्तरीत मतांगीकाराच्या तिसऱ्या भागाचा अर्थ सांगताना लुथर लिहितो की मी माझ्या बुद्धीनं किंवा बळानं येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही. पवित्र आत्म्यानं मला बोलावलं म्हणून ठेवतो. म्हणजे विश्वाससुद्धा माझी कमाई नाही. मुलीला हे पाठ करायला लावताना माझंच आधी पाठ झालं. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच वाक्य येतं, 'हे अगदी खरं आहे', आणि ते ती टेबलावर हात आपटून म्हणते.

तुमचा प्रश्न प्रेषित पौलालाही विचारला गेला होता, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. इथलं उत्तर असं: देवाला तुमच्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. तारणाची चिंता देवानं संपवली, म्हणून आता हात मोकळे झाले. ते शेजाऱ्यासाठी वापरा. आई बाळाची दुपटी बदलते, गवंडी भिंत ओळंब्यात बांधतो, हीच सत्कर्मं. त्यासाठी मठात जायला नको.

आणि प्रवचनात दोन्ही बाजू असाव्याच लागतात. आधी नियमशास्त्र, जे तुमची लाज चव्हाट्यावर आणतं, आणि मग सुवार्ता. दोन्हींची भेसळ करायची नाही यावर वाल्थरनं १८८४-८५ मध्ये शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांना व्याख्यानं दिली, ती पाळक अजून अभ्यासतात. खचलेल्या माणसाला नियम ऐकवू नये आणि मस्तवाल माणसाला घाईनं क्षमा ऐकवू नये. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या पाळकांनी एका मयताच्या घरी हे सांभाळलेलं मी पाहिलं आहे. नवरा गेलेली बाई 'मी त्याच्याशी शेवटचं भांडले होते' म्हणून आक्रोश करत होती. त्यांनी 'तुझी चूक नव्हती' असं नाही म्हटलं. तिचा हात धरून म्हणाले, 'तेही पाप क्रूसावर गेलं आहे.' ती शांत झाली.

वसईचा_वारा

आम्ही वसईचे कॅथलिक. वर्णन वाचून आमच्या मिस्साचंच वाटलं! पापांगीकार, ग्लोरिया, क्रेडो, सगळं ओळखीचं. मग नेमका फरक कुठे? आणि ते प्रभुभोजनाला अडवण्याचं अजून मनात खुपतंय. आमच्याकडेही इतरांना देत नाहीत, पण लुथरनांनी तर आमच्याशीच भांडून वेगळी चूल मांडली ना?

नगरची_लेक

वसईचा_वारा, ओळखीचं वाटणारच. लुथरनं मिस्सा टाकून दिला नाही, धुऊन घेतला. ऑग्सबर्ग कबुलीजबाबातच लिहिलं आहे की आम्ही मिस्सा बंद केल्याचा आरोप खोटा आहे. आमच्या वेदीवरही क्रूसावर ख्रिस्ताची आकृती आहे. पाळक आल्ब (पांढरा झगा) आणि स्टोल (गळ्यातला पट्टा) घालतात, ऋतूप्रमाणे रंग बदलतात. दहा आज्ञांची मोजणीसुद्धा तुमच्यासारखी आहे, आमच्या नगरच्या मोजणीपेक्षा वेगळी! खासगी पापांगीकारही आहे, सक्ती नाही. मी एकदाच गेले. पाळकांनी विचारलं, 'मी दिलेली क्षमा ही देवाची क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का?' हो म्हणाले. डोक्यावर हात ठेवून क्षमा उच्चारली आणि विषय संपला.

फरक असा की तुमच्याकडे मिस्सा हा देवाला अर्पिलेला यज्ञही आहे. इथे यज्ञ क्रूसावर एकदाच झाला, वेदीवरून त्याचं फळ वाटलं जातं. पुन्हा तीच दिशा, वरून खाली.

आता अडवण्याबद्दल. ही गोष्ट मला १५२९ च्या ऑक्टोबरात घेऊन गेली. मारबुर्गच्या किल्ल्यात हेसच्या फिलिपनं लुथर आणि स्वित्झर्लंडच्या झ्विंग्लीला समेटासाठी बोलावलं होतं. बोलणी सुरू होण्याआधी लुथरनं खडूनं मेजावर लॅटिनमध्ये लिहिलं, 'हे माझे शरीर आहे', आणि वर कापड पसरलं. झ्विंग्ली म्हणत होता की 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. वाद रंगला तेव्हा लुथरनं कापड उचलून ते शब्द दाखवले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, आणि या एका शब्दावर हस्तांदोलन राहिलं.

नगरला आम्ही पावाचे तुकडे आणि द्राक्षरस आठवणीसाठी घ्यायचो. म्हणजे कळत नकळत झ्विंग्लीच्या बाजूचे. इथे मानतात की भाकरीत, भाकरीबरोबर आणि भाकरीखाली ख्रिस्ताचं खरं शरीर आहे; कसं ते विचारायचं नाही, त्यानं म्हटलं म्हणून. आणि पौलानं करिंथकरांना बजावलं आहे की शरीर न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. म्हणून आधी शिकवतात, मग देतात. त्या दिवशी त्या गृहस्थांनी मला तुच्छ लेखलं नव्हतं, ते मला जपत होते. ते शब्दांत नीट आलं नाही, त्याचं वाईट अजून वाटतं. आता ते रविवारी दारात माझ्या मुलीसाठी पेपरमिंट घेऊन उभे असतात.

पहिल्यांदा घेतलं तो रविवार सांगते. कठड्यापाशी गुडघे टेकले. डावीकडे आजी, उजवीकडे प्लंबिंगचं काम करणारा एक दणकट माणूस, नखांत काळं. पातळ पांढरी चकती जिभेवर ठेवताना पाळक म्हणाले, 'तुझ्यासाठी.' अख्ख्या मंडळीतून तो शब्द माझ्याकडे आला. मग प्याला, खरा द्राक्षारस म्हणजे वाइन, घशाला चरचरला. उठताना आजींचा हात सुटेना म्हणून आम्ही तिघं तसेच थांबलो.

सई_मिनेसोटा

लेख आवडला, पण एक बाजू राहिली. मी ज्या लुथरन चर्चमध्ये जाते ते ई.एल.सी.ए.चं (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) आहे. आमच्या पाळक बाई आहेत आणि मेज सर्वांना खुलं आहे. लुथरन म्हणजे फक्त मिसूरी सिनॉड असा समज वाचकांचा होऊ नये. आणि बायकांना वेदीवर उभं राहू न देणं तुम्हाला, एका शिकलेल्या मराठी बाईला, कसं पटतं?

नगरची_लेक

सई, बरोबर. लुथरनांत मोठे भेद आहेत. तुमच्या ई.एल.सी.ए.च्या पूर्वसूरी चर्चांनी १९७० पासून स्त्रियांना दीक्षा दिली आणि १९८८ मध्ये त्या एकत्र आल्या. आमच्याहून कडक विस्कॉन्सिन सिनॉड आहे, तिनं १९६१ मध्ये मिसूरीशीच संबंध तोडले. मिसूरीतही १९७४ मध्ये शास्त्राचा अर्थ कसा लावायचा यावरून कॉन्कॉर्डिया सेमिनरीतले बहुतेक प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले. सेंट लुईसमधल्या कित्येक घरांत तो विषय अजून जेवणाच्या टेबलावर काढत नाहीत.

स्त्रियांबद्दल: इथे मंडळीच्या सभांत १९६९ पासून मत देता येतं, डीकनेस (मंडळीची सेविका) होता येतं, पाळकपद मिळत नाही. १ तीमथ्य २ आणि १ करिंथ १४ च्या आधारानं. मला हे सहज पटलं नाही. माझी आई नगरला स्त्री-मंडळात प्रवचन द्यायची आणि ती ज्या ताकदीनं बोलायची तसं मी पुढे फार कमी पाळकांकडून ऐकलं. शेवटी मी असा विचार केला की 'हे माझे शरीर आहे' इथे शब्द आहे तसा घ्यायचा आणि पुढच्या पानावर मला रुचेल तसा घ्यायचा, हे मला जमणार नाही. तुम्ही वेगळ्या निष्कर्षाला आलात, तुमच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही. पण मेज एक नाही, याचं दुःख दोन्हीकडे असायला हवं असं मला वाटतं.

तंजावूरकर

आमचं घराणं व्यंकोजीराजांबरोबर तंजावूरला गेलेलं, आता पुण्यात आहोत. लुथरन म्हटलं की आमच्या घरी एकच नाव निघतं, श्वार्ट्झ. ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ, १७५० मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला (ट्रँकेबार) आलेला जर्मन मिशनरी. तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक मुलाला, सरफोजीला, त्याच्यावर सोपवलं. गादीच्या भांडणात पोराच्या जिवाला धोका होता, तेव्हा श्वार्ट्झनं त्याला मद्रासला हलवून शिकवलं. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजे हिंदूच राहिले, पण त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. तंजावूरच्या किल्ल्यात बृहदीश्वराच्या देवळाजवळ चर्च आहे, तिथे आहे. मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरून उभे असलेले मराठे राजे. थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही राजांनी स्वतः रचलेल्या आहेत. आजोबांनी मला उचलून ते शिल्प दाखवलं होतं.

नगरची_लेक

तंजावूरकर, हे वाचून मी नवऱ्याला हाक मारून पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. भोसल्यांच्या घरातला मुलगा एका लुथरन पाळकाच्या पदराखाली वाढला हे मला माहीत नव्हतं! श्वार्ट्झ जर्मनीतल्या हाले शहरातल्या पायटिस्ट (वैयक्तिक भक्तीवर भर देणाऱ्या) चळवळीतून आलेला, मिसूरीवाल्यांच्या आधीचा आणि थोड्या वेगळ्या वृत्तीचा. तरंगमबाडीची सुरुवात तर आणखी आधी, १७०६ ला, त्सीगेनबाल्ग हा मिशनरी आला तेव्हा. मिसूरी सिनॉडचे पहिले मिशनरी १८९५ मध्ये कृष्णगिरीला गेले, नेथर आणि मोन. त्यांचं आधीच्या संस्थेशी, जर्मनीतल्या लाइपझिग मिशनशी, बिनसलं तेही शास्त्रात चूक नाही या मुद्द्यावरून. त्यांच्या कामातून पुढे १९५८ मध्ये इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभं राहिलं, मुख्यतः तमिळनाडू आणि केरळात. त्या शिल्पाचा फोटो असेल तर इथे नक्की टाका.

दोन_पिलांची_आई

आम्ही हिंदू आहोत. मुलगा लुथरन चर्चच्या बालवाडीत जातो. नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेचं आमंत्रण आलंय, तो गाणार आहे. जाऊ का? काही चुकेल अशी धास्ती वाटते.

नगरची_लेक

अगदी निर्धास्त जा. सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकायची किंवा काही म्हणायची सक्ती कुणी करणार नाही. प्रभुभोजन असेल तर जागेवर बसून राहिलात तरी चालतं. मुलांना आशीर्वाद हवा असेल तर रांगेतून पुढे जा आणि दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवा, पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. दानाचं ताट फिरेल ते सरळ पुढे सरकवा, पाहुण्यांकडून अपेक्षा नसते.

शेवटी दिवे मालवून मेणबत्त्या लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. तसं असेल तर पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्या ज्योतीला लावायची. कागदाची गोल चकती असते ती मुठीच्या वर सरकवा, मेण ओघळून हाताला चटका बसतो. पिल्लांच्या हातात तर आधीच बघून ठेवा.